निधी, निक्षेप आणि धूर

जुन्या काळच्या सनदांत जमीन इनाम देताना ती 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित' दिली असे लिहिण्याचा प्रघात होता. देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा त्यात दिसतोच, पण त्याहून अधिक दिसते ते दफ्तरातल्या कारकुनाचे धोरण. कारण जमिनीच्या पोटात काय पुरलेले असेल याची हमी कोणी द्यावी, आणि उद्या घेणारा तक्रार घेऊन कचेरीच्या पायरीवर येऊन बसला तर त्याची समजूत कोणी घालावी, म्हणून जे दिसते ते आणि जे दिसत नाही तेही एकदाच त्याच्या पदरात घालून मोकळे व्हावे, हा त्यातला मतलब. आमच्या सदनिकेच्या खरेदीखतात ही शब्दावली नव्हती. तेथे चटईक्षेत्र होते, चतुःसीमा होत्या, पाण्याच्या टाकीतला अविभक्त हिस्सा होता, आणि विक्रेत्याने सदर मिळकत 'सर्व हक्क, हितसंबंध व वहिवाटीसह, निर्वेध व बोजारहित' आमच्या कब्जात दिल्याचे एक भारदस्त वाक्य होते, जे वकिलांनी आम्हांला दोनदा वाचून दाखवले आणि ज्याचे पैसे बहुधा दोनदाच लावले.

अशा रीतीने पुण्यात, एरंडवण्यातल्या एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतली तिसऱ्या मजल्यावरची सदनिका आमची झाली. आणि तिच्या पूर्वीच्या मालकांनी आरामखुर्चीत बसून आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींचा धूरही, कोणत्याही दस्तात नोंद न होता आणि सरकारला एक पैचे मुद्रांकशुल्क न मिळता, आमच्या नावावर चढला.

'घर पाहायला गेलात तेव्हा वास आला नाही का?' हा प्रश्न पुढे ज्याने त्याने विचारला, आणि प्रत्येकाने तो आपण स्वतः अशा प्रसंगी कसे सावध राहिलो असतो हे सुचवणाऱ्या स्वरात विचारला. त्याचे उत्तर आमच्या दलालाच्या कर्तबगारीत आहे. त्याने आम्हांला नेले ते चैत्रातल्या कोरड्या दुपारी, दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून आणि पंखे पूर्ण वेगात सोडून. कोपऱ्यात उदबत्तीचा एक आख्खा पुडा जळत होता. 'घरमालक फार धार्मिक आहेत,' असे त्याने हळू आवाजात, एखादे गुपित सांगावे तसे सांगितले. मग त्याने आम्हांला एकही खोली न दाखवता दिवाणखान्यात उभे करून पाऊण तास किमतीची घासाघीस केली. मनुष्याच्या नाकाचा स्वभाव असा आहे की एकच वास काही मिनिटे सतत येत राहिला की ते त्याची दखल घेणे सोडून देते, नाहीतर मासळीबाजारात आणि साहित्यसंमेलनाच्या मंडपात कोणाला बसवले नसते. किमतीत पन्नास हजार कमी होईपर्यंत आमची नाके पूर्णपणे त्या घरची झाली होती.

पूर्वीच्या मालकांविषयी वाईट बोलवत नाही. गृहस्थ अत्यंत सज्जन, मितभाषी आणि कायदा पाळणारे. आणि माझ्या मते त्या घराचा घात त्यांच्या कायदेपालनानेच केला. २ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास देशभर मनाई झाली. ज्यांना कायदा मोडायचा होता त्यांनी तो पूर्ववत नाक्यावर, पानपट्टीच्या आडोशाला उभे राहून मोडला. आमच्या गृहस्थांनी मात्र राजपत्राचा मान राखून आपले समग्र धूम्रपान, सकाळच्या पहिल्या झुरक्यापासून रात्रीच्या शेवटच्या थोटकापर्यंत, घरात आणले. पुढे डॉक्टरांनी त्यांना मुलीकडे बंगळूरला हवापालटासाठी पाठवले. त्यांची हवा पालटली. इकडली जिथल्या तिथे राहिली.

ती किती जिथल्या तिथे होती हे सामान हलल्यावर कळले. भिंतींचा रंग मूळचाच बदामी असावा असा आमचा समज होता आणि सौ.ला तो आवडलाही होता. परंतु तसबिरी उतरल्या, आणि प्रत्येक तसबिरीमागे एकेक स्वच्छ, शुभ्र चौकोन प्रकट झाला. घड्याळाच्या जागी वर्तुळ होते. कालनिर्णयच्या जागी उभा आयत होता आणि त्याच्या डोक्यावर खिळ्याच्या दोरीचा छोटा त्रिकोणसुद्धा होता. आरामखुर्ची जेथे असे तिच्या बरोबर वर छतावर एक तपकिरी तेजोवलय उमटले होते, आणि त्याचा मध्य इतका अचूक होता की खुर्चीचे चारही पाय कोठे टेकत असतील ते ओळंबा लावून सांगता आले असते. देवघराच्या कोनाड्यात मात्र एकही डाग नव्हता. तेथे पडदा होता.

कामाचे कंत्राट ज्या मिस्त्रीला दिले होते त्याने सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली, भिंतीवर बोटाने टकटक केले, आणि म्हटले, ''दोन हात मारले की वासाचा बाप पळेल, साहेब.''

''पण आधी भिंती धुवाव्या लागतील ना?''

''रंग कशाला असतो मग?''

या युक्तिवादात काहीतरी चुकते आहे असे मला वाटले. पण घराचे काम काढलेल्या मनुष्याला मिस्त्रीशी वाद घालण्याचा अधिकार फक्त आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच असतो, आणि ती मी दिली होती.

दरम्यान घराला वास येतो ही वार्ता आप्तेष्टांत पसरली आणि उपाय सुचवणाऱ्यांची रीघ लागली. वासाचे एक चमत्कारिक आहे. संधिवातावर सल्ला देताना लोक थोडे तरी कचरतात. वासावर सल्ला द्यायला केवळ नाक लागते, आणि ते प्रत्येकापाशी असते. पहिल्या आल्या त्या आमच्या आत्याबाई. त्यांचे नाक आमच्या घराण्यात सर्वोच्च न्यायालयाच्या जागी आहे. दूध नासणार आहे हे त्यांना दुधाच्या आधी कळते. त्यांनी उंबऱ्यावरच पदर नाकाला लावला, ''अरे, हे घर आहे का चिलीम?'' असे विचारले, आणि सातही खोल्यांना (आमच्या तीनच आहेत, पण आत्याबाई संडास, न्हाणीघर, माळा आणि गच्चीचा कठडाही मोजतात) तिन्हीसांजेला उदाचा धूर दाखवण्याचे फर्मान काढले. निखाऱ्यांवर ऊद पडला, धूप पडला, कडुलिंबाचा पाला पडला, कोणीतरी दिलेल्या गोवरीचा तुकडा पडला. आणि भिंतींत मुरलेला धूर बाहेर काढण्यासाठी आम्ही इतका धूर आत सोडला की समोरच्या इमारतीतून कोणी अग्निशामक दलास दूरध्वनी केला. बंबवाले आले ते मात्र फारच सौजन्याने वागले. त्यांच्यातल्या प्रमुखाने हवा हुंगली आणि ''कांदा चिरून ठेवा,'' असे सांगून तो गेला.

कांदा चिरून ठेवला. चहाचा चोथा ठेवला. वाट्यांतून खाण्याचा सोडा ठेवला, थाळ्यांतून कोळसा ठेवला, कपाटांत डांबराच्या गोळ्या आणि खिडक्यांत लिंबाच्या फोडी ठेवल्या. सुताराच्या एका मदतनिसाने सोडा मीठ समजून कांद्यावर भुरभुरला व दोन्ही पदार्थ खाल्ले, त्यामुळे त्या खोलीतील प्रयोगाचा निष्कर्ष हाती लागला नाही. उरलेल्या खोल्यांत प्रत्येक पदार्थाने आपापला वास प्रामाणिकपणे सोडला आणि मूळ वासाच्या वाटेला तो मुळीच गेला नाही. माझे असे निरीक्षण आहे की सल्ला देणारा मनुष्य वास घालवण्याचा उपाय म्हणून जो सांगतो तो वस्तुतः त्याच्या आवडीचा वास असतो. आत्याबाईंना ऊद प्रिय, मेहुण्यांना कॉफी प्रिय, समोरच्या जोशीकाकूंना फिनेल.

या मालिकेत एकटे अपवाद होते ते आमच्या परिचयाचे एक निवृत्त इतिहासाध्यापक. त्यांनी कोणताही उपाय सांगितला नाही. राडारोड्याच्या पोत्यावर बसून त्यांनी सांगितले की अकबर बादशहाच्या दरबारात तंबाखू पोहोचली ती दक्षिणेतूनच, विजापुराहून. तिकडे वकील म्हणून गेलेल्या असद बेगाने ती रत्नजडित हुक्क्यासकट बादशहाला नजर केली, हकिमांनी हरकत घेतली, तरी बादशहाने असद बेगाच्या भिडेखातर काही झुरके घेतलेच. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूच्या निषेधार्थ स्वहस्ते पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावर जबर जकात बसवली. म्हणजे धिक्कार आणि वसुली ही जोडी तेव्हापासूनची आहे. जहांगिराने १६१७ मध्ये मनाईहुकूम काढला. हे सगळे ऐकून मला विलक्षण आपलेपणा वाटला, कारण माझ्या भिंतींतला अपराधी विजापूरमार्गे आलेला, म्हणजे घरचाच निघाला.

''पण सर, त्या महालांच्या भिंतींचं पुढं काय केलं?'' मी विचारले.

त्यांनी बराच वेळ विचार केला. ''त्याविषयी बखरकार मुग्ध आहेत,'' ते म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

शास्त्रीय बाजू पाहिली ती अमेरिकेतल्या भाच्याने. तो तेथे न्यू जर्सीत असतो आणि त्याला सर्व गोष्टींची माहिती असते. त्याने दूरध्वनीवरून सांगितले की सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात, ती भिंती, पडदे, लाकूड यांत शिरून बसतात आणि महिनोन्‌महिने हळूहळू बाहेर पडत राहतात. इतकेच नव्हे तर कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०१० साली असे दाखवले आहे की पृष्ठभागांवर बसलेले निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून नवी कर्करोगकारक द्रव्ये तयार करते. म्हणजे ओढणाऱ्याला सुख, शेजारी बसणाऱ्याला धूर आणि विकत घेणाऱ्याला भिंती, अशी शास्त्रानेच वाटणी केलेली आहे. त्याने प्रथम ओझोन सोडणारे एक यंत्र सुचवले. ते चालू असताना घरात माणूस, मांजर, पक्षी, कुंडीतले झाड यांपैकी काहीही असता कामा नये, कारण तो वायू फुप्फुसांना अपायकारक असतो, असे त्याने पुढे जोडले. आणि आत्याबाईंनी ''वासाबरोबर आम्हीपण जावं अशी योजना आहे वाटतं,'' असे म्हणून ते यंत्र नामंजूर केले.

मग राहिले व्हिनेगर. निकोटिन अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोघांची गाठ पडली की वास मरतो, हे मला शालेय रसायनशास्त्राच्या आधारेही पटण्याजोगे वाटले. मात्र भाच्याची एक अट होती. भिंत पुसायची ती खालून वर, कारण वरून पुसू लागले तर घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा मग निघत नाहीत. ही अट मी कामावरच्या बिगारी बाईंना समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

''भाचे स्वतः पुसत्यात का तिकडं?'' त्यांनी विचारले.

''नाही, पण त्यांनी वाचलंय.''

''मंग बरोबर,'' असे म्हणून त्यांनी वरून खाली पुसायला आरंभ केला.

परंतु ते फडके! पहिल्याच हातात पांढरे फडके चहाच्या रंगाचे झाले आणि बादलीत पिळले तेव्हा पाण्यात एक तेलकट, पिवळसर तवंग पसरला. बटनांच्या पेटीचे झाकण उघडले तर आत तपकिरी चिकटा. पंख्याच्या पात्याची वरची बाजू बोटाने खरवडली तर नखात राळ. भिंतीवरून थेंब खाली येताना आपला मार्ग काळजीपूर्वक निवडत आणि ज्या मार्गाने येत तो कायमचा आखून ठेवीत. संध्याकाळपर्यंत दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर उभ्या रेघांची अशी झालर तयार झाली की मिस्त्रीने 'हे डिझाइन ठेवायचं का?' असे गंभीरपणे विचारले. भाच्याचे म्हणणे खरे होते. बाईंनी ते मान्य केले आणि दुसऱ्या दिवशीही वरूनच पुसले.

व्हिनेगरचे डबे संपू लागले तशी आमच्या घराची कीर्ती जिन्यात उतरली, आणि एके दिवशी संस्थेचे सेक्रेटरी, जे आमच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर राहतात, स्वतः नोटीस घेऊन वर आले. सेक्रेटरी म्हणजे अत्यंत टापटिपीचे गृहस्थ. इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेने, आणि तोंडात अष्टौप्रहर बडीशेप. नोटिशीचा विषय होता 'आपल्या सदनिकेतून येणारा आंबट दर्प', आणि मजकूर असा की सदर सदनिकेतून मागील काही दिवसांपासून लोणचेसदृश उग्र दर्प येत असल्याबाबत सभासदांच्या तोंडी तक्रारी प्राप्त झालेल्या असून, सदर दर्पाचे कारण, प्रयोजन व संभाव्य कालावधी यांचा लेखी खुलासा आठ दिवसांचे आत करावा, अन्यथा उपविधींनुसार पुढील कार्यवाही करणे भाग पडेल.

मी त्यांना आत बोलावून सर्व वृत्तांत निवेदन केला. त्यांनी तो अपेक्षेपेक्षा फारच आस्थेने ऐकला.

''म्हणजे सिगारेटचा वास काढताय.''

''हो.''

''सगळाच?''

''सगळाच काढायचा विचार आहे.''

''न्हाणीघरातलासुद्धा?''

''अर्थात.''

ते काही वेळ गप्प राहिले. मग डबीतून बडीशेपेची चिमूट तोंडात टाकून म्हणाले, ''एवढी घाई काय आहे म्हणा,'' आणि नोटिशीची पोच घ्यायला विसरून निघून गेले. संस्थेचा सेक्रेटरी पोच घ्यायला विसरतो हा प्रकार मी पूर्वी पाहिला नव्हता. पण त्या वेळी माझे चित्त भिंतींत गुंतलेले असल्यामुळे मी त्यातून कोणताही अर्थ काढला नाही.

यथावकाश मिस्त्रीने लांबी भरली, पॉलिशपेपर घासला, आणि त्याने आश्वासन दिले होते ते दोन हात मारले, शिवाय 'माझ्यातर्फे एक' असा तिसरा, जो बिलात पुढे माझ्यातर्फे निघाला. घर शुभ्र झाले. आठवडाभर आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना भिंती दाखवत होतो. मग आषाढ लागला, हवेत ओल आली, आणि एका सकाळी छतावर, जेथे ते तेजोवलय होते तेथेच, प्रथम फिकट पिवळे आणि नंतर स्पष्ट तपकिरी असे काही उमटू लागले. दुपारपर्यंत भिंतींवर द्वीपकल्पे आणि आखाते तयार झाली. पाण्याने कालवलेला रंग त्या राळेला अडवीत नाही, उलट तिला विरघळवून वर आणतो, ही विद्या आम्हांला तेव्हा प्राप्त झाली. आणि दमट हवेत वासालाही नवा हुरूप येतो ही तिची पुरवणी. मिस्त्रीला बोलावले. त्याने छताखाली उभे राहून डागाची नीट पाहणी केली.

''हा डाग माझा नाही,'' तो म्हणाला. ''हा मागच्यांचा.''

''पण रंग तुमचा आहे ना?''

''रंग माझा. डाग मागच्यांचा.'' हद्दीची इतकी स्वच्छ आखणी मी दिवाणी दाव्यांतही पाहिलेली नाही.

तोडगा निघाला तो अनपेक्षित दिशेने. कपाटांच्या फळ्यांना पॉलिश करायला एक वृद्ध कारागीर येत असे, ज्याला आजवर कोणी काही विचारले नव्हते, कारण त्याच्याकडे मत असेल अशी कोणाला शंका आली नव्हती. त्याने भिंतीपाशी जाऊन, आमच्या घरात प्रथमच कोणी करावे असे काहीतरी केले. त्याने बोलण्याच्या आधी वास घेतला. ''याला लाख लागेल,'' तो म्हणाला. मिस्त्रीने पुढे अंदाजपत्रक तयार केले तेव्हा त्या शब्दाचे दोन्ही अर्थ विचारात घेतले.

लाख म्हणजे ती झाडांच्या फांद्यांवर कीटक तयार करतात ती, झारखंडाकडची. पॉलिशवाल्याने तिचे मधाळ रंगाचे पातळ पापुद्रे, ज्यांना तो चपडा म्हणे, स्पिरिटात भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी ते द्रावण डाग पडलेल्या छतावर, भिंतींवर आणि कपाटांच्या आतल्या, आजवर कधीही रंग न पाहिलेल्या अंगावर चढवले. स्पिरिट उडून जाते, लाखेचा एक घट्ट पडदा मागे राहतो, आणि त्यातून ना डाग बाहेर येतो ना वास. ज्या लाखेच्या तबकड्यांवर एके काळी बालगंधर्वांचा स्वर साठवून ठेवला तिनेच आमच्याकडचा धूर कोंडून ठेवावा यात त्या द्रव्याची थोडी अवनती झाली खरी. पण माझ्या मनाला त्या दिवसांत ज्याने ग्रासले होते ते निराळेच होते. लाखेने लिंपलेले घर म्हणताच कोणाही मराठी मनुष्याला वारणावत आठवते, आणि आमच्या या पुरोचनाच्या कानावर एक विडी कायम अडकवलेली असे. स्पिरिटाचा उघडा डबा शेजारी, लाखेचे छत डोक्यावर, आणि विश्रांतीच्या वेळी त्याचा हात सावकाश कानाकडे जायचा. मी सर्व कामेधामे सोडून त्या हाताकडे पाहत बसे.

''अहो, निदान जिन्यात जाऊन ओढा,'' मी एकदा काकुळतीने म्हणालो.

''जिन्यात मनाई आहे,'' त्याने मला समज दिली. ''सार्वजनिक जागा आहे ती.''

भुयार खणायला विदुराचा माणूस काही आला नाही. पण घर पेटले नाही, लाख वाळली, तिच्यावर नवा रंग चढला, आणि श्रावण आला तरी छत पांढरेच राहिले. आत्याबाईंना निर्णयासाठी पाचारण केले. त्या एकेका खोलीत उभ्या राहिल्या, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतले, कपाटांत डोके घातले, आणि अखेरीस 'घर शुद्ध आहे' असा निकाल दिला. त्या रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. अकराच्या सुमारास न्हाणीघरातून त्यांची हाक आली.

''अरे, इकडे ये. हा जुना नाही. हा ताजा आहे!''

वास खरोखरच होता, आणि त्याच्यात मुरलेपण नव्हते. तो टवटवीत होता. मी स्टुलावर चढून झडपेच्या काचा सरकवल्या आणि खालच्या डक्टमध्ये डोकावलो. दुसऱ्या मजल्याच्या झडपेपाशी अंधारात एक तांबडा ठिपका प्रखर झाला, मंदावला, पुन्हा प्रखर झाला. धुराची एक बारीक, शिस्तबद्ध रेघ सरळ आमच्याकडे चढू लागली. मग दाबलेला खोकला, नळाचा मोठा आवाज, आणि डबीचे झाकण उघडल्याची टिचकी.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सेक्रेटरी भेटले. आम्ही दोघे काही वेळ पावसाविषयी बोललो. मग त्यांनी वर-खाली पाहून घेतले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ''मागच्या मालकांचे आमच्यावर फार उपकार होते हो.'' त्यांचा आवाज खरोखर दाटून आला होता. इतकी वर्षे वरच्या मजल्यावर एक सर्वज्ञात, जाहीर, निर्लेप धूम्रपायी नांदत होता, आणि त्याच्या छत्राखाली त्यांचा संसार सुखाने चालला होता. आम्ही व्हिनेगर घेऊन आलो आणि त्यांच्या डोक्यावरचे छत्र गेले. पुढे आमच्यात जो तह झाला त्याची कलमे लेखी नाहीत. नोटीस दप्तरदाखल झाली, आणि आमच्या न्हाणीघराची झडप रात्री अकरा ते सव्वाअकरा बंद राहू लागली.

त्या आठवड्यात सेक्रेटरी सपत्नीक नवे घर पाहायला आले. वहिनींनी सर्व खोल्या कौतुकाने पाहिल्या, सौ.ला पडद्यांचे दुकान विचारले, आणि चहाचा कप हातात घेता घेता म्हणाल्या, ''इथं तर आता काहीच वास नाही. पण आमच्या बाथरूममध्ये रात्री अजून येतो बघा, वरून. अकराच्या सुमारास.''

सेक्रेटरींनी खिशातली डबी काढली, उघडली, आणि तीत बडीशेप किती उरली आहे हे मन लावून पाहू लागले.

''जुना वास आहे, वहिनी,'' मी म्हणालो. ''भिंतींत मुरलेला. जायला वेळ लागतोच.''

''अजून किती?''

मी सेक्रेटरींकडे पाहिले.

''तीन-चार वर्षं सहज,'' ते म्हणाले.